वेदनाशामकांची सवय सोडवताना जुनी पाठदुखी कशी सांभाळावी

वर्षानुवर्षे पाठ दुखते आहे, त्यासाठी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, ऑक्सिकोडोन किंवा मॉर्फिन यांसारखे ओपिऑइड वर्गातील औषध रोज घ्यावे लागते आहे आणि आता ते कमी करायचे किंवा सोडायचे आहे, अशा व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी हे लिहिले आहे. पहिली सूचना सर्वांत महत्त्वाची आहे: काही आठवड्यांहून अधिक काळ रोज घेतलेले असे औषध एकाएकी बंद करू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये डॉक्टरांना आणि रुग्णांना नेमक्या याच बाबतीत इशारा दिला होता. शरीराला सवय झालेली असताना औषध अचानक तोडल्यामुळे किंवा फार झपाट्याने कमी केल्यामुळे तीव्र शारीरिक त्रास, आवाक्याबाहेर गेलेल्या वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्या अशा घटना त्या प्रशासनाकडे नोंदवल्या गेल्या होत्या. त्यामुळे पुढे जे काही सांगितले आहे ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे आहे. एखादे डॉक्टर ‘उद्यापासून बंद’ असे म्हणत असतील, तर टप्प्याटप्प्याने कमी करण्याची लेखी आखणी त्यांच्याकडे मागावी आणि ती मिळत नसेल तर हाताशी असलेला साठा संपण्याआधीच दुसऱ्या डॉक्टरांना गाठावे.

औषधाने आजवर काय केले

ओपिऑइड औषधे दुखण्याचे मूळ बरे करत नाहीत. मेंदूतील आणि मज्जारज्जूतील पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून ती वेदनेचा संदेश दाबतात. शरीर स्वतःही अशाच कामाची द्रव्ये तयार करत असते. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलित्झ यांनी मेंदूतून वेगळी केलेली एन्केफालिन्स ही त्यांपैकीच. बाहेरून रोज औषध मिळू लागले की ही सारी यंत्रणा त्या औषधाला धरून आपला तोल नव्याने बसवते. पूर्वीच्याच मात्रेचा गुण कमी येऊ लागतो. काही जणांच्या बाबतीत तर मज्जासंस्था उलट अधिक हळवी होते आणि औषध वाढवूनही दुखणे वाढतच राहते, शिवाय ते मूळ जागा सोडून आजूबाजूला पसरते.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या काळात औषधाचा अंमल उतरू लागला की शरीर ते मागू लागते, आणि हे मागणे पुष्कळदा कंबरेतील दुखण्याच्या रूपानेच जाणवते. गोळी घेतल्यावर ते थांबते, तेव्हा साहजिकच ‘गोळीने पाठ थांबली’ असे वाटते. प्रत्यक्षात गोळीने आदल्या गोळीची उतरण भरून काढलेली असते.

दीर्घकालीन पाठदुखीवर ही औषधे किती उपयोगी पडतात, याविषयी आता बरेच स्पष्ट चित्र आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनी पाठदुखी किंवा गुडघ्या-खुब्याच्या सांध्यांची झीज असलेल्या २४० जणांपैकी काहींना ओपिऑइड औषधे आणि काहींना इतर वेदनाशामके वर्षभर देण्यात आली. रोजची कामे करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही, आणि वेदनेची तीव्रता तर इतर औषधे घेणाऱ्या गटात किंचित कमीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये कंबरेच्या जुनाट दुखण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ओपिऑइड औषधे नियमितपणे देऊ नयेत असे सांगितले आहे. ज्याने ही औषधे वर्षानुवर्षे घेतली त्याला हे वाचून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तुमचे दुखणे खरे आहे, आणि औषध तुम्हाला लिहून दिले गेले होते. यातून हाती लागते ते एवढेच, आणि माझ्या मते ते फार मोलाचे आहे, की औषध कमी केल्यावर आपण पाठीचा एकमेव आधार गमावणार आहोत ही भीती बऱ्याच अंशी निराधार आहे.

सवय आणि व्यसन यांतला फरकही सुरुवातीलाच समजून घ्यावा, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो. रोज औषध घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या शरीराला त्याची सवय लागते आणि तो त्याच्या स्वभावाचा दोष नसतो. मात्र ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतल्या जातात, महिन्याचा साठा आधीच संपतो, एकाहून अधिक डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणाव्या लागतात, पाठ दुखत नसतानाही काळजी किंवा एकटेपणा शमवण्यासाठी गोळी घ्यावीशी वाटते, घरात त्यावरून भांडणे होऊनही हात थांबत नाही, असे असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा वेळी केवळ मात्रा घटवत नेण्याचा मार्ग बहुधा अपुरा पडतो, आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही दीर्घकाळ टिकणारी ओपिऑइड औषधे देऊन स्थिर करण्याचा उपचार अधिक सुरक्षित ठरतो. ब्युप्रेनॉर्फिन वेदनाही कमी करते, त्यामुळे पाठदुखी असलेल्या व्यक्तीसाठी ते विशेष विचारात घेण्याजोगे आहे. ते केव्हा सुरू करायचे हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे लागते, कारण आधीच्या औषधाचा अंमल पुरेसा उतरलेला नसताना ते घेतले तर सोडतानाचा सारा त्रास एकदमच उसळतो.

पहिली कपात करण्याआधी

आधी पाठीसाठी दुसरे काहीतरी उभे करावे आणि मगच औषधाला हात लावावा, असे माझे ठाम मत आहे. थोडा का होईना व्यायाम, चालण्याची सवय, दुखणे उसळले तर काय करायचे याची लिहून ठेवलेली आखणी, या गोष्टी दोन-चार आठवडे आधीपासून अंगवळणी पडलेल्या असाव्यात. त्रास सुरू झाल्यावर नवीन काही शिकण्याचे त्राण उरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी; सर्दी-खोकल्याची औषधे, झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचा उल्लेख टाळू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा काळजी शमवणाऱ्या गोळ्या ओपिऑइड औषधांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जिवाला धोका होऊ शकतो. मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिली जाणारी प्रिगॅबालिन व गॅबापेंटिन ही औषधे आणि दारू यांच्याबाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. यांपैकी काही चालू असेल, तर कोणते औषध आधी कमी करायचे हे ठरवून घ्यावे. झोपेच्या गोळ्याही अचानक तोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून दोन्ही एकदम बंद करण्याचा उत्साह दाखवू नये. गर्भवती स्त्रीने तर स्वतःहून एकही गोळी कमी करू नये. तिच्यासाठी हा निर्णय प्रसूतितज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचे जाणकार डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. नैराश्य असेल किंवा पूर्वी कधी जीव देण्याचे विचार आले असतील, तर तेही या पहिल्याच भेटीत सांगावे.

नॅलोक्सोन हे ओपिऑइडच्या अतिमात्रेवरील उतारा असलेले औषध आपल्याकडे मिळते का, हे विचारून शक्य असल्यास घरात ठेवावे आणि ते कसे द्यायचे हे घरातील एकाला तरी ठाऊक असावे. सुरुवातीसाठी काळही थोडा पाहावा. घर बदलणे, परीक्षा, आजारपणाची सेवा अशा धकाधकीत पहिली कपात नको; पण पूर्ण निवांत काळाची वाट पाहत बसल्यास तो कधी येतच नाही.

मात्रा किती आणि कशी कमी करावी

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार, एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांना दरमहा सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश कपात अधिक सोसते. काही आठवडे किंवा काही महिनेच घेतलेले असेल तर आठवड्याला १० टक्क्यांपर्यंत जाता येते. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत हे १० टक्के त्या त्या वेळच्या मात्रेचे धरणे अधिक सुसह्य होते. समजा कोणी दिवसाला २०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल घेत असेल, तर पहिल्या महिन्यात १८०, दुसऱ्यात सुमारे १६२ आणि तिसऱ्यात सुमारे १४६ मिलिग्रॅम, अशी ही उतरण होते. ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांनी हा हिशेब जमणार नाही हे उघड आहे, म्हणून कमी ताकदीच्या गोळ्या किंवा द्रवरूप औषध मिळते का हे डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला विचारावे. मधोमध खाच असलेली साधी गोळी अर्धी करता येते. सावकाश विरघळणारी गोळी मात्र कधीही तोडू, चावू किंवा कुटू नये, कारण तासन्‌तास पुरणारे औषध त्यामुळे एकदमच रक्तात उतरते.

गोळी घड्याळाच्या वेळेवर घ्यावी, दुखण्याच्या इशाऱ्यावर नव्हे. दुखले की गोळी, असे चालू राहिले तर कपात मोजताच येत नाही आणि दुखणे व गोळी यांची मनातली गाठ आणखी घट्ट होते. दिवसातील कोणती मात्रा आधी कमी करायची, हे आपल्या दिनक्रमावरून ठरवावे. ज्या गोळीवाचून झोप किंवा सकाळचे उठणे सर्वांत कठीण जाते, ती शेवटी ठेवणे बहुतेकांना सोयीचे पडते. एखाद्या टप्प्यावर त्रास फार झाला तर तिथेच काही आठवडे थांबावे. थांबणे हा या मार्गाचाच भाग आहे आणि त्याला माघार समजू नये. अखेरच्या छोट्या मात्रा सोडणे बहुधा सर्वांत जड जाते. सर्वांत लहान मात्रेवर आल्यानंतर दोन गोळ्यांमधले अंतर वाढवत न्यावे, आणि दिवसातून एकाहूनही कमी वेळा घेण्याची वेळ आली की थांबता येते. या सगळ्याला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागला तरी काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत पूर्ण बंद करणे साधत नाही, पण पूर्वीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली सुखाने राहता येते. तेही चांगलेच फळ आहे.

दोन औषधांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड असण्याबरोबरच मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन या संदेशवाहक द्रव्यांवरही काम करते, त्यामुळे ते कमी करताना नेहमीच्या त्रासाबरोबर घबराटीचे झटके, गोंधळल्यासारखे होणे, अंगाला मुंग्या येणे असेही काही होऊ शकते. नैराश्यावरील अनेक गोळ्यांबरोबर ते घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढण्याची आणि झटके येण्याची शक्यता असते. दुसरे म्हणजे फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टी. कंबर दुखते म्हणून शेकाची पिशवी घेऊन पडणे अगदी स्वाभाविक आहे, पण पट्टी अंगावर असताना तिच्यावर किंवा तिच्या जवळ शेक घेतला, फार गरम पाण्याने अंघोळ केली किंवा सणकून ताप आला, तर त्वचेतून औषध जास्त वेगाने शोषले जाते आणि श्वास मंदावण्याचा धोका निर्माण होतो.

हे दुखणे पाठीचे की औषध उतरल्याचे?

संपूर्ण प्रवासात एकच कौशल्य शिकायचे झाले तर ते हे. अल्पकाळ टिकणारे औषध कमी केल्यावर किंवा चुकल्यावर साधारण ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, पुढच्या दोन-तीन दिवसांत तो शिगेला पोहोचतो आणि बहुधा चार ते दहा दिवसांत ओसरतो. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधात तो उशिरा सुरू होतो आणि जास्त दिवस राहतो. कपात लहान असेल तर हे सारे बरेच सौम्य असते. तरीही कपातीनंतरची एखादी रात्र अशी येते की झोप नसतानाही एकामागून एक जांभया येत राहतात, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहते, खोली उबदार असूनही अंगावर काटा उभा राहतो, मध्येच घाम फुटतो, पोटात मुरडा येतो आणि पाय जागेवर ठेववत नाहीत. त्याच वेळी कंबर ठणकू लागते, आणि मनात पहिला विचार येतो तो हाच की माझी पाठ औषधावाचून राहू शकत नाही.

अशा वेळी वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: किती वाजले आणि पुढची गोळी केव्हा आहे, दुखणे नेमके कुठे आणि दहापैकी किती आहे, आणि उठण्या-बसण्याने त्यात काही फरक पडतो का. एका नोंदीत असे दिसेल: ‘रात्री ८, गोळी ९ ला. वेदना ७. कंबर, दोन्ही मांड्या, पोटऱ्या, खांदेसुद्धा. जांभया, नाक वाहते. बसून, उभे राहून, आडवे होऊन सारखेच.’ दुसऱ्या दिवशीची नोंद अशी असेल: ‘दुपारी ३. वेदना ६. कंबरेत डावीकडे, बोट ठेवता येईल अशा जागी. बराच वेळ सलग बसून काम केले. उठून घरातल्या घरात चालल्यावर ४.’ पहिले दुखणे औषध उतरल्याचे आहे: ते सर्वांगाला व्यापते, घड्याळ पाहून येते, कूस बदलल्याने बदलत नाही आणि आपल्याबरोबर इतर खुणा घेऊन येते. दुसरे पाठीचे आहे आणि ते हालचालीला उत्तर देते. पुष्कळदा दोन्ही मिसळलेली असतात. तरी काही आठवड्यांच्या नोंदींनंतर त्यांचे वेगळेपण ओळखू येऊ लागते, आणि जे दुखणे काही दिवसांत आपोआप ओसरणार आहे असे कळते ते सोसण्याची ताकद वेगळीच असते. डॉक्टरांनाही पुढची कपात ठरवताना अशा नोंदींचा, आठवणीने सांगितलेल्या हकिकतीपेक्षा कितीतरी अधिक उपयोग होतो.

औषध उतरल्याच्या त्रासावर उपाय आहेत, आणि ते मागायला संकोच करू नये. मेंदूच्या तळाशी नॉरॲड्रिनलिन उसळल्यामुळे घाम, थरथर आणि अस्वस्थता होते. क्लोनिडिन किंवा लोफेक्सिडिन ही औषधे नेमकी ती उसळी शांत करतात. त्यांनी रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावीत आणि अंथरुणातून सावकाश उठावे. जुलाबांसाठी लोपेरामाइड चालते, मात्र पाकिटावर सांगितलेल्या मर्यादेतच, कारण फार मोठ्या मात्रेत ते हृदयाची लय बिघडवते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेता येते. निरोगी प्रौढ व्यक्तीने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये आणि यकृताचा आजार, दारू किंवा कमी वजन असल्यास त्याहून कमी मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आपल्या मूळ वेदनाशामक गोळीतच पॅरासिटामॉल मिसळलेले आहे का हे आधी पाहावे, कारण ट्रॅमाडॉल आणि कोडीनच्या कित्येक गोळ्यांत ते असतेच. बद्धकोष्ठासाठी चालू असलेले औषधही मात्रेबरोबर कमी करत आणावे लागते, नाहीतर जुलाबांचे खरे कारण लक्षातच येत नाही. पाणी आणि पातळ पदार्थ भरपूर घ्यावेत. पायांची तडफड आडवे पडून वाढते, त्यामुळे तसेच तळमळत राहण्यापेक्षा उठून दहा मिनिटे चालावे, पोटऱ्या ताणाव्यात, कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि मग पुन्हा आडवे व्हावे.

पाठीसाठी रोज काय करायचे

ज्यांना मणक्याचा एमआरआय दाखवून ‘गाद्या झिजल्या आहेत’ असे सांगितले गेले आहे, त्यांच्या मनात आपली पाठ मोडकी आहे अशी समजूत घर करून बसते आणि त्या भीतीने ते हालचाल टाळतात. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांपैकीही विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या मणक्यांच्या गाद्यांत अशी झीज दिसते. म्हणजे चित्रातील झीज आणि अनुभवाला येणारे दुखणे यांचे नाते फार सैल आहे. जुन्या दुखण्यात दुखले म्हणजे इजा झाली असे बहुधा नसते, आणि औषध कमी होत असताना तर मज्जासंस्था काही काळ साध्या हालचालीलाही मोठे दुखणे म्हणून नोंदवते. हा हळवेपणा पुढे कमी होत जातो.

व्यायामाचा कोणता एक प्रकार सर्वश्रेष्ठ आहे असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. जो तुम्ही पुढच्या महिन्यातही करत असाल तोच चांगला. चालणे बहुतेकांना जमते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुकत्याच पाठदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांपैकी ज्यांना चालण्याचा टप्प्याटप्प्याने वाढणारा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात दुखणे परत येण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या लोकांचे दुखणे परत येईपर्यंतचा काळ) २०८ दिवस होता, तर इतरांमध्ये ११२ दिवस. ते लोक तुमच्यासारखे वर्षानुवर्षे दुखणारे नव्हते हे खरे, पण चालण्याने पाठ बिघडत नाही, एवढा दिलासा त्यातून नक्कीच घेता येतो.

किती करायचे याचे माप चांगल्या दिवसावरून न घेता वाईट दिवसावरून घ्यावे. वाईट दिवशी दहा मिनिटे चालल्यावर दुखणे वाढू लागत असेल, तर सात-आठ मिनिटांनी सुरुवात करावी, दिवसातून दोनदा चालावे आणि दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. खरी कसोटी चांगल्या दिवशी लागते. बरे वाटते म्हणून साचलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, ही जुन्या पाठदुखीची नेहमीची चाल आहे. चांगल्या दिवशीही ठरलेल्या मापावर थांबणे हे वाईट दिवशी उठून चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बसण्याचे, उभे राहण्याचे आणि घरकामाचेही असेच माप ठरवावे व दुखण्याने उठवण्याआधीच उठावे.

सकाळी अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडतानाच हाताने गादीवर दाब देऊन वर यावे, आणि बसल्यावर दोन-चार श्वास थांबून मग उभे राहावे. क्लोनिडिन चालू असेल तर हे थांबणे दुप्पट महत्त्वाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनात शिक्षण, व्यायाम, मसाज व मणक्यावरील हस्तोपचारांसारखे काही शारीरिक उपचार आणि विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे आणि मणका ताणण्याचे ट्रॅक्शन यांची नाही. या वर्तनोपचाराचा अर्थ दुखणे मनाचे आहे असा कुणी घेऊ नये. दुखण्याबरोबर येणारी भीती, चिडचिड आणि खचलेपण कमी झाले की दुखण्याची धारही कमी होते, हा त्यामागचा विचार आहे. आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या दुखणे उसळल्यावर थोडे दिवस उपयोगी पडतात, पण पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे असे काही असेल तर त्या परस्पर घेऊ नयेत. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरही दिले जाणारे औषध काहींना गुण देते. ट्रॅमाडॉल अजून चालू असताना ते सुरू करायचे झाल्यास वर सांगितलेला सेरोटोनिनचा धोका डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावा.

दुखणे उसळण्याचे दिवस येणारच. त्या दिवसाचा क्रम शांत असताना कागदावर लिहून ठेवावा: नेहमीचे चालणे निम्मे करायचे पण बंद करायचे नाही, शेक घ्यायचा, कोणती साधी गोळी किती घ्यायची, कोणाला फोन करायचा, आणि ठरलेली कपात पुढे ढकलायची का. मूळ औषधाची जादा गोळी मात्र या क्रमात नसावी.

झोप, तलफ आणि घरची माणसे

सर्वांत उशिरा सुधारते ती झोप. काही आठवडे ती तुटक राहील असे धरून चालावे, उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, आणि तिच्यासाठी नवी झोपेची गोळी सुरू करण्याचा मोह टाळावा. औषधाने दबलेल्या भावनाही या काळात वर येतात; क्षुल्लक कारणाने रडू येणे किंवा राग अनावर होणे हे त्याचेच लक्षण असते. तलफ आली तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते हे लक्षात ठेवून वीस-तीस मिनिटे हातांना काहीतरी काम द्यावे आणि जमल्यास कुणाशी तरी बोलावे. पुढच्या आठवड्याच्या गोळ्या आपल्या हाताशी न ठेवता घरातील विश्वासू व्यक्तीकडे ठेवल्या तर मोठाच आधार होतो.

ती जबाबदारी घेणाऱ्याने पहारेकरी होऊ नये. ‘किती दुखते?’ असे दर तासाला विचारण्याने लक्ष दुखण्याकडेच खिळते. ‘थोडे चालून येऊ या का?’ हे अधिक उपयोगी पडते. एखाद्या दिवशी जादा गोळी घेतली गेली तर ती लपवावीशी वाटणार नाही, असे वातावरण घरात असणे हीच घरच्यांची खरी मदत आहे.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे

लघवी अडकणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघांच्या मधल्या भागात बधिरता येणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, ही मज्जातंतू दबल्याची चिन्हे आहेत. यात तासांचाही उशीर परवडत नाही. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, नुकताच पडून लागलेला मार किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स असतील, तरीही तपासणी लांबवू नये. उलट्या-जुलाबांनी पाणीही पोटात टिकत नसेल, भ्रम होत असेल किंवा झटका आला असेल, तर रुग्णालय गाठावे. जगणे नकोसे वाटू लागले तर कपातीचा पुढचा टप्पा तिथेच थांबवावा, व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा आपल्या भागातील आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीशी बोलावे.

बंद झाल्यानंतर

औषध पुरेसे कमी झाल्यावर किंवा पूर्ण सुटल्यावर शरीराची जुनी मात्रा पेलण्याची ताकद निघून गेलेली असते. सहा महिन्यांपूर्वी जी मात्रा रोज सोसत होती, तीच आज घेतली तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो, आणि दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर हा धोका आणखी वाढतो. हे व्यक्तीला आणि घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. खूप गुंगी, घोरल्यासारखा किंवा थांबत थांबत चालणारा श्वास, निळसर ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या असे दिसले तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी, नॅलोक्सोन असेल तर द्यावे, व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि शुद्धीवर आली तरी तिला एकटे ठेवू नये, कारण नॅलोक्सोनचा अंमल आधीच्या औषधापेक्षा लवकर उतरू शकतो.

उरलेल्या गोळ्या कपाटात ‘असू द्याव्यात’ म्हणून ठेवू नयेत. औषधविक्रेता किंवा रुग्णालय परत घेत असेल तर तिथे द्याव्यात. पुढे कधी शस्त्रक्रिया किंवा दातांचे मोठे काम करायचे झाल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे की पूर्वी ओपिऑइडची सवय होती आणि ती सुटली आहे. त्या वेळी वेदनांवर उपचार घ्यायलाच हवेत; फक्त कोणते औषध, किती दिवस आणि ते बंद कसे करायचे, हे शस्त्रक्रियेच्या आधी लिहून ठरवून घ्यावे आणि गोळ्या मोजक्याच घ्याव्यात.